संगणक खोलीची चावी

बदलापूरच्या त्या मराठी शाळेत तुळशी भोईरबाईंची एकतीस वर्षं गेली होती. शाळेत आलेली प्रत्येक नवी वस्तू त्यांनी वाजतगाजत येताना आणि गुपचूप कपाटात जाताना पाहिली होती. आधी रेडिओ आला. गोष्ट रंगात आली की नेमकी खरखर सुरू व्हायची. मग भिंतीवर चित्रं पाडणारं यंत्र आलं, त्याचा दिवा उडाला तो उडालाच. मग टीव्ही. त्याच्यावर बाईंनीच भरतकाम केलेलं कापड घातलं होतं, ते अजून नव्यासारखं होतं. फळा तेवढा जागचा हलला नव्हता.

त्यामुळे दोन हजार पाच साली दहा संगणक आले तेव्हा बाईंनी हात जोडले नाहीत की नाक मुरडलं नाही. चपला बाहेर काढून आत जायचं, एवढा एक नियम त्यांना आवडला. हरिचंद्र पाटील सर मुख्याध्यापक. ते म्हणाले, "ज्याला मशीनचा मोह नाही त्याच्याकडेच चावी." ती बाईंच्या कमरेला आली.

शिकवायला कंपनीने विक्रांतला पाठवलं होतं. चोवीस वर्षांचा पोरगा. सकाळी शाळा, दुपारनंतर उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये दुरुस्तीच्या दुकानात. खांद्यावरची बॅग तो कधी उतरवत नसे, आणि बाईंची नजर त्या बॅगेवरून कधी उतरत नसे. एकदा त्याने माऊस उलटा करून खालची चकती फिरवली, आतला करडा गोळा काढला आणि शर्टाला पुसला. "ह्याला मळ बसला की बाण अडकतो, बाई. सगळा खेळ ह्या गोळीचा."

खंडेनवमीला शाळेत हत्यारांची पूजा व्हायची. बाईंनी शिपाईण सुंदराबाईला सांगितलं, "यंदा पूजा संगणकाच्या खोलीत. ज्याच्यावर हात चालतो ते सगळं स्वच्छ धुऊन मांड." सुंदराबाईने लाल कापडावर घंटा, कात्र्या, फळ्याचा मोठा कंपास मांडला, वर झेंडूचा ढीग. हळदकुंकू सढळ हाताने. सुपाऱ्या जरा जास्तच दिसत होत्या, पण बाईंनी उदबत्ती लावायला घेतली.

बाईंनी कुंकवाचं बोट पुढे केलं तसा विक्रांत मागे सरला. "आमच्या घरी हे करत नाहीत, बाई. मी दारात उभा राहतो, चालेल ना?"

"चालेल की," बाई म्हणाल्या. पण मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

सुट्टीनंतर बाईंनी सकाळीच खोली उघडली. घंटा, कात्र्या, कंपास उचलून ठेवले, कापडाची चारी टोकं बांधून निर्माल्य घरी नेण्याच्या पिशवीत ठेवलं. गाठोडं जड लागलं. नारळ असेल, त्यांना वाटलं. तिसऱ्या तासाला मुलं संगणकापुढे बसली आणि एकाही पडद्यावरचा बाण हलेना. विक्रांतने माऊस उलटा केला. चकती जागेवर, आत गोळा नाही. दहाच्या दहा रिकामे.

"कॅम्प दोनमध्ये काय विकलं जात नाही?" दुसरीच्या स्वप्नालीबाई चहा पिताना म्हणाल्या. "खोललेला मालसुद्धा जातो."

पाटील सरांनी विक्रांतला बोलावलं, बाईंनाही. त्याने न सांगताच बॅग टेबलावर उपडी केली. डबा, पेचकस, दोन सीड्या, पासचं पाकीट.

"आज नाहीत म्हणजे काल नव्हते असं नाही," सर म्हणाले.

"सर, दस मिनट का काम आहे ते, चोरायचं कसं ते मला कळतं. पण खोलीची चावी माझ्याकडे कधी होती?"

क्षणभर सरांनी बाईंकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

"म्हणजे मी घेतले?" बाईंचा मऊ आवाज पहिल्यांदा चढला.

"मी असं कुठे म्हटलं, बाई?"

"तो पूजेलासुद्धा आत आला नव्हता, सर," बाई म्हणाल्या. याचा त्याच्याशी काय संबंध, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सर म्हणाले, "शनिवारी कंपनीला पत्र जाईल. दुसरा माणूस पाठवा म्हणून." सुंदराबाईला विचारावं असं कोणाला सुचलं नाही, ती लेकीच्या बाळंतपणाला जांभूळ गावी गेली होती.

बाईंचा नेम असा, की निर्माल्य शुक्रवारी उपासाच्या पोटी नदीला द्यायचं. त्या शुक्रवारी पायऱ्या उतरताना पिशवी दगडाला लागली आणि धप् वाजली. गाठ सैल झाली होती. सुकल्या झेंडूतून एक कुंकवाने माखलेली सुपारी निसटली आणि पायरीवर उडाली. सुपारी कधी उडते का? बाईंनी ती उचलली, पदराने पुसली. कुंकवाखाली करडं रबर. त्यांनी गाठ सोडून मोजले. दहा.

पूजेच्या सकाळी नळावर साबण लावून काहीतरी घासत बसलेली सुंदराबाई त्यांना आता आठवली. विक्रांतचं बघून चकत्या उघडल्या असणार. ज्याच्यावर हात चालतो ते सगळं. सांगितलं कोणी होतं?

पाणी एका हातावर होतं. घाटावर कोणी नव्हतं. झेंडूबरोबर गोळेही गेले असते, चावी कमरेला राहिली असती, आणि जन्मभर संशय त्या पोराच्या बॅगेत राहिला असता. नवरात्रात नऊ दिवस दिवा राखला तो कशासाठी, असं बाई स्वतःशीच पुटपुटल्या. त्यांनी फक्त फुलं सोडली.

शनिवारी सरांच्या टेबलावर कंपनीच्या पत्राशेजारी त्यांनी दहा गोळे मांडले. "माझ्या निर्माल्यात होते, सर. मीच नेले. पत्र फाडा." सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि पत्र फाडलं.

विक्रांत एकेक गोळा बसवत होता. "बाई, कुंकू जात नाही सांधीतलं," एवढंच म्हणाला. पडद्यावर बाण हलला, मुलं ओरडली.

बाईंनी कमरेची चावी काढून त्याच्यासमोर ठेवली. "ही तुझ्याकडे राहू दे."

त्याने ती बोटाने परत सरकवली. "नको, बाई. तुमच्याकडेच असू दे. चावी माझ्याकडे असती ना, तर बॅगेत काय आहे तेसुद्धा बघितलं नसतं कोणी. सीधा पत्रच."

त्याने बॅग खांद्याला लावली. बाईंनी चावी पुन्हा कमरेला अडकवली.