तीन टनांचा फरक

तिने तिसऱ्यांदा वजाबाकी केली. उत्तर तेच आलं, सत्तावन्न टन.

जहाजाच्या इंधनाच्या पाइपावर नवा मीटर बसून एकोणीस दिवस झाले होते. तो आपला आकडा जहाजावर न दाखवता थेट ऑफिसात तिच्याकडे पाठवायचा. तिने मंजुरी दिली, की जहाजाने किती तेल जाळलं, किती धूर सोडला, हे कंपनीच्या संकेतस्थळावर जगजाहीर व्हायचं. मीटर म्हणत होता, रोज सत्तावीस टन. जहाजाचे चीफ इंजिनिअर रोज दुपारी बाराला लिहून पाठवत होते, चोवीस. आणि चीफ इंजिनिअर तिचे वडील होते.

उलटं असतं तर तिला हसू आलं असतं. जुने चीफ सगळे तसलेच. जाळायचं वीस आणि लिहायचं बावीस. वरचे दोन टन टाकीत गुपचूप राहू द्यायचे, वादळात कामी येतात म्हणून. बाबांची तर त्यात हयात गेलेली. घरीसुद्धा साखरेच्या डब्यामागे त्यांचा एक दुसरा डबा असे. पण इथे गडी जाळत होता जास्त आणि लिहीत होता कमी. म्हणजे टाकीत कागदावर एकशेदहा टन आणि खरे त्रेपन्न. जेमतेम दोन दिवसांचं तेल, आणि मुक्काम चार दिवसांवर. वाटेत तेल मिळेल असं एकच बंदर होतं, त्यासाठी दोनच्या आत वळायला हवं होतं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

काचेच्या केबिनमधून साहेबांनी डोकं बाहेर काढलं.

"झालं का मंजूर? कमी धुरवाल्यांच्या हिरव्या यादीत आहे ना अजून आपलं जहाज?"

"बघते, साहेब."

ती फोन घेऊन जिन्यात गेली. ऑफिसच्या फोनवर ती त्यांना चीफच म्हणायची. आज जीभ वळली नाही.

"बाबा, टाकीत किती आहे?"

"तुझा मीटर काय म्हणतो?" आवाज थकलेला होता.

"मीटरचं जाऊ द्या. यादीसाठी केलंत ना हे? सहा महिन्यांवर निवृत्ती आलीय तुमची! हे बघा, मीटर नवीन आहे, मी तो बिघडला म्हणून लिहिते. तुम्ही पंपाचं काहीतरी कारण काढा आणि जहाज बंदराकडे वळवा. कुणाला पत्ता लागायचा नाही."

पलीकडून दुसराच आवाज आला.

"मॅडम, मी कॅप्टन बोलतोय. फोन स्पीकरवर आहे."

तिने कठडा घट्ट धरला.

"चीफ सकाळपासून मागे लागलेत, की तेल कमी आहे, आकडे त्यांनीच दाबून लिहिले. माझा विश्वास बसेना. बारा वर्षं यांच्या वहीवर मी डोळे मिटून सही करतोय. समुद्र इतका उसळलाय, की टाकीत टेप सोडून मोजताही येत नाही. शेवटी म्हणाले, ऑफिसातून मुलीचा फोन येईल, तिला विचारा. ती खोटं बोलायची नाही."

कॅप्टनने फोन जवळ ओढला.

"तर सांगा. मीटर बिघडलाय?"

"नाही." तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "मघाशी मी खोटं लिहायला निघाले होते. मीटर बरोबर आहे. त्रेपन्न टन आहे टाकीत."

कॅप्टनने कुणाला तरी हुकूम सोडला. पावलं वाजली, दार आपटलं. मग स्पीकर बंद झाला, आणि बाबांचा आवाज अगदी कानाशी आला.

"माझं मी कॅप्टनला सांगून मोकळा झालो."

"हो, बाबा."

"आता तुझं मघाचं तेवढं साहेबांना तूच सांग."

फोन ठेवून ती पायऱ्या चढली आणि काचेच्या दारावर टकटक केली.