कुलपाची निवृत्ती

"प्रत्येक महान खेळाडूच्या आयुष्यात एक पहाट अशी उगवते, जेव्हा त्याने मैदानाकडे पाठ फिरवून इतिहासाकडे तोंड करायचं असतं."

एवढं बोलून कुलूप थांबला. वाक्य त्याने रात्रभर खपून घडवलं होतं आणि आरशात ते शोभूनही दिसत होतं.

"आधी ते तोंड धुऊन घ्या अहो," बायको आतून म्हणाली. "हनुवटीवर पेस्ट ओघळलीय. आणि नळ बंद करा. इतिहासाला पाणी लागत नाही."

एरवी ती त्याला अरे-तुरेच करी. 'अहो' ऐकू आलं की समजायचं, मागून टोमणा येतोय.

कुलूप हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. बस डेपोच्या फुटबॉल संघात तो वर्षानुवर्षं स्टॉपर होता, म्हणजे आपल्या गोलसमोर उभं राहून येईल त्याला अडवणारा. त्याने दार लावलं की चेंडूची आत जायची टाप नसे, म्हणून कुलूप. अलीकडे विरुद्ध संघाची पोरं त्याला 'गंजलेलं' हे विशेषण प्रेमाने जोडत. वय अडतीस. या वयात राजकारणातला माणूस युवा नेता म्हणून मिरवतो. फुटबॉलमध्ये त्याला बघून लोक उठून जागा देतात.

खरं दुखणं मात्र इतिहासाचं नव्हतं, फोनचं होतं. आज सकाळी संघाची बस सराव शिबिराला निघणार होती. नव्या प्रशिक्षकांनी, म्हणजे सरांनी, एकेका खेळाडूला स्वतः फोन करून बोलावलं होतं. कुलपाला फोन आला नव्हता. चार दिवस तो मोबाइल छातीशी धरून हिंडला. अंघोळीलासुद्धा घेऊन गेला. एकदा वाजला तेव्हा डोक्याला साबण लावून त्याने अत्यंत नम्रपणे "बोला सर" म्हटलं. पलीकडे दातांचा दवाखाना होता. तेव्हा त्याने ठरवलं, कोणी हाकलण्याआधी आपणच उठावं. त्यात एक शान असते.

"मी निवृत्त होतोय," तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला.

बायको इस्पितळात नर्स होती. सकाळच्या पाळीला जायच्या घाईत तिने मान वर न करता म्हटलं, "बरं."

"नुसतं बरं?"

"मग काय, नको म्हणू?"

"म्हणून तरी बघायचंस."

"अरे, तुझे गुडघे बांधून बांधून माझी बोटं झिजली. ते केव्हाच निवृत्त झालेत. तुला कळवायचं तेवढं राहून गेलं."

कोपऱ्यात शिलाई मशीनवर बसलेल्या आप्पांनी, म्हणजे कुलपाच्या वडिलांनी, पाय थांबवला. त्यांना ऐकू कमी यायचं, पण नको ते बरोबर यायचं.

"कोण वारलं?"

"कोणी नाही आप्पा. हा फुटबॉल सोडतोय."

"का? लागलं?"

"वय झालं म्हणतोय."

"वय? हे मशीन याच्याहून थोरलं आहे. खडखड करतं, पण शिवतं ना?"

"माझी आता नुसती खडखडच उरलीय, आप्पा," कुलूप पुटपुटला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात चाळणी. हा संघाचा गोलकीपर. त्याचं नाव चाळणी का पडलं, हे एक सामना पाहिलेल्या कोणालाही विचारावं लागत नसे. खांद्यावर बॅग, हातात स्कूटरची किल्ली, चेहरा नवरदेवासारखा.

"आटप लवकर. काय सांगू, सरांचा स्वतः फोन. म्हणाले, तुझ्याशिवाय आपल्या गोलला अर्थ नाही."

"तुझ्यासकट तरी कुठे होता?" आतून बायको.

"वहिनी, सकाळी सकाळी नको ना." मग कुलपाकडे वळून, "तुला आला असेल की फोन."

"मी येत नाहीये. निवृत्त होतोय."

चाळणीचा चेहरा खरंच उतरला. कुलपाला मनापासून बरं वाटलं.

"काय सांगतोस? नक्की?"

"नक्की."

"मग बसमधली तुझी खिडकी मी घेऊ?"

माणसाने जातो म्हणावं आणि लोकांनी धावत जाऊन त्याच्या चपला शोधून आणाव्यात, यासारखं दुःख नाही. तिघांत एकाच्याही तोंडून 'नको रे' फुटलं नाही. कुलपाने ठरवलं, आता सगळ्या संघासमोर जाऊनच निरोप घ्यायचा. तिथे तरी एखादा रडेल. त्याने पलंगाखालून बॅग ओढली.

"निरोप घ्यायला बॅग?" बायकोने विचारलं.

"रिकामीच आहे."

तिने बॅग उचलून पाहिली. "रिकाम्या बॅगेत बूट, टॉवेल आणि माझ्या कपाटातली बँडेजं?"

"बूट कोणाला तरी देऊन टाकणार आहे."

"म्हणून काल दोन तास पॉलिश चाललं होतं?"

"देताना वस्तू चांगली द्यावी."

तिने कपाटातून बँडेजची आणखी एक गुंडाळी काढली, बॅगेत कोंबली आणि चेन लावली. "उजव्याला दोन लागतात," एवढंच म्हणाली.

चाळणीच्या मागे स्कूटरवर बसल्यावर कुलपाच्या छातीत ढोल वाजू लागला. आपण निवृत्त झालो आहोत ही बातमी छातीपर्यंत पोचलेली दिसत नव्हती.

डेपोच्या आवारात बस उभी होती आणि तिच्याभोवती सगळी फौज. नव्या ट्रॅकसूटांचा वास, डिझेलचा वास, कोणी कोणाची टोपी पळवतोय, कोणी टपावर चढलंय. कुलूप ज्या टायर विभागात काम करायचा, तिथलेच दोन टायर ठेवून गोल केला होता. चाळणी स्कूटर लावून थेट त्या गोलात जाऊन उभा राहिला. त्याच्यासमोर स्टॉपरच्या जागी होता खांब. खांब म्हणजे यंदा आलेला नवा मुलगा. उंची खांबाची, ताकद खांबाची आणि बोलणंही खांबाइतकंच. गेल्या सामन्यात उंच आलेल्या चेंडूवर हा आणि चाळणी दोघेही गेले होते. 'माझा' किंवा 'तुझा' असं कोणीच म्हणालं नाही. दोघं एकमेकांना कडकडून भेटले आणि चेंडू निवांत आत गेला होता.

आताही तसाच चेंडू आला. तसाच उंच. दोघेही निघाले.

"सोड!"

आवाज कुलपाचा होता. बॅग अजून खांद्यावरच होती. खांब जागच्या जागी थिजला आणि चाळणीने चेंडू पोटाशी धरला. धरल्याचं सगळ्यात जास्त आश्चर्य चाळणीलाच वाटलं.

"बघतोस काय, मागे ये! उजवीकडे! त्याला बाहेर ने, बाहेर! आता घे!"

खांब जिथे सांगावं तिथे जात होता, आणि जिथे जात होता तिथे चेंडू येत होता. बॅग खांद्यावरून केव्हा गळली हे कुलपाला कळलं नाही. एक तरणाताठा विंगर चेंडू घेऊन सुसाट आला. कुलपाने त्याच्या पायांकडे पाहिलंच नाही, कमरेकडे पाहिलं. कमरेला थापा मारता येत नाहीत. अर्धं पाऊल आधीच पुढे टाकून त्याने साध्या बुटांनीच चेंडू असा अलगद काढून घेतला की तो पोरगा आणखी चार ढांगा रिकामाच पळाला.

"कुलूप! कुलूप!" सगळं आवार ओरडलं. वर्कशॉपच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. कुलूप धापा टाकत होता. उजवा गुडघा छापता न येण्याजोगं काहीतरी बोलत होता, पण अंगात विशी संचारली होती.

मग आठवलं, आपण निरोप घ्यायला आलोय. तो गोलच्या एका टायरवर चढला. सगळे भोवती जमले. सरही येऊन उभे राहिले.

"मित्रांनो, प्रत्येक महान खेळाडूच्या आयुष्यात एक पहाट अशी उगवते, जेव्हा त्याने मैदानाकडे पाठ फिरवून—"

"येऊ दे, येऊ दे, येऊ दे," मागे एक क्लीनर दुसऱ्या बसच्या ड्रायव्हरला रिव्हर्स घेताना ओरडून सांगत होता.

"—पाठ फिरवून इतिहासाकडे—"

"अजून येऊ दे... बस्स!"

टायरवरून उतरण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. हसण्याची लाट ओसरल्यावर सरांनी त्याला बाजूला घेतलं. हे सर एकेकाळी याच संघात, कुलपाच्या हाताखाली वाढलेले.

"दादा, तुम्हाला फोन मुद्दामच नाही केला."

"समजलं मला."

"नाही समजलं. रोज नंबर काढायचो आणि फोन खिशात ठेवायचो. तुम्ही मला उभं राहायला शिकवलंत. तुम्हाला फोनवर कसं सांगू, की यंदा पहिल्या अकरात तुम्ही नाही?"

"मग कोण?" कुलपाने विचारलं.

"खांब खेळणार," सर म्हणाले. "पण तो तोंड उघडत नाही. त्याला पळवायला माझ्याकडे शिट्टी आहे, बोलता करायला काही नाही. आत्ता पाहिलंत ना तुम्हीच. तुम्ही आलात तर..."

"बाकावर बसून?"

"खोटं नाही बोलणार दादा. बहुतेक बाकावरच."

"विचार करून सांगतो."

"बस निघतेय."

"मग पटकन विचार करतो."

सगळे भराभर चढले. चाळणीने कुलपाची बॅग परस्पर आत नेली आणि स्वतः खिडकीत जाऊन बसला. कुलपाने एक पाय पायरीवर ठेवला, दुसरा जमिनीवरच राहिला. ज्या दारात आपण उभं राहायचं त्या दारात उद्या दुसरा उभा राहणार, आणि आपण बाजूला बसून त्याला सांगायचं, डावीकडे हो, मागे ये. हा मान की अपमान? इंजीन सुरू झालं. बस थरथरू लागली. ड्रायव्हर आरशातून बघत होता. सर पुढच्या सीटवर नखं खात होते. अशा क्षणाला शोभेल असं वाक्य हवं होतं. कुलपाने छाती भरून घेतली, घसा खाकरला.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक घोगरा, कोणी कधी न ऐकलेला आवाज आला. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. खांब अंग चोरून बसला होता.

"दादा, आत येताना तेवढं दार ओढून घ्या. गार वारा लागतोय."