सरकलेलं शून्य

मित्रांनो, ठेंगण्या पुलाच्या कडेला ताठ उभा असलेला, पाणी मोजणारा जुना लोखंडी खांब म्हणजे मीच. वय साठीच्या पुढे गेलं आहे. माझ्या अंगावर खालून वर फुटांचे आकडे रंगवलेले आहेत. पूर आला की पाणी कुठल्या आकड्याला टेकलं ते बघायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं खरं, पण या भागातल्या बस कुठून न्यायच्या हे त्याच वहीवरून ठरतं. कित्येक वर्षं मी एक गोष्ट मनात दाबून उभा होतो. आता ती उघड झाली आहे, म्हणून हायसं वाटून तुमच्याशी गप्पा मारतो आहे.

नवा होतो तेव्हा माझा रुबाब काय सांगू! मला नदीच्या खडकात पक्कं रोवलं, पुलाच्या रस्त्याला शून्य धरलं आणि तिथून वर आकडे काढले. लोक मुद्दाम थांबून बघायचे. पुढे सवय झाली तसं कुणी ढुंकूनही पाहीना.

मग इंचताई आली. तिचं खरं नाव आता कुणाच्या तोंडी नाही. तीस वर्षांपूर्वी ती नोंदी ठेवायला लागली आणि एका इंचाचीही सूट तिनं कधी कुणाला दिली नाही. पाऊस कितीही झोडपत असो, ही बाई माझ्यासमोर वाकून, डोळे बारीक करून आकडा वाचायची. तिचं बोट धरून येणारी लेक आता याच पुलावरून बस चालवते.

घोळ झाला तो रंगाऱ्याच्या हातून, पण दोष एकट्या त्याचा नाही. पुलावरचा रस्ता उखडला की त्यावर काँक्रीटचा अर्ध्या फुटाचा नवा थर पडायचा. मग रंगारी यायचा, मला पांढरा रंग फासायचा आणि नव्या रस्त्याला शून्य धरून सगळे आकडे पुन्हा काढायचा. वरून हुकूमच तसा होता. तीस वर्षांत असे चार थर पडले आणि माझं शून्य गुपचूप दोन फूट वर सरकलं. इकडे पावसाचंही तंत्र बिघडलं होतं. महिन्याभराचं पाणी तो दोन दिवसांत ओतून मोकळा व्हायचा, आणि नदीही तेवढीच वर चढत होती. वहीत मात्र मोठा पूर तीस वर्षांपूर्वी तीन फूट आणि गेल्या वर्षीही तीनच. मला सगळं कळत होतं, पण खांबाला तोंड कुठे असतं?

गेल्या उन्हाळ्यात वाहतुकीचा आराखडा करणाऱ्या बाई आल्या. हवामान बदलतं आहे, तेव्हा पुढची पन्नास वर्षं या भागातल्या बस आणि रुग्णवाहिका कोणत्या रस्त्यानं न्यायच्या, हे त्यांना ठरवायचं होतं. बाई हुशार होत्या. त्यांनी इंचताईची वही पानन् पान वाचली, कुठे खाडाखोड नाही म्हणून तोंड भरून कौतुक केलं आणि नदी जागची हललेली नाही असं टिपून घेतलं. त्यावरून ठरलं की इथेच आताच्या रस्त्याहून चार फूट उंच नवा पूल बांधायचा, सगळी वाहतूक त्यावरून न्यायची आणि टेकडीवरचा लांबचा रस्ता बंद करायचा. पण नदी याच वेगानं चढत राहिली असती, तर पंधरा वर्षांत तो पूल पुराच्या पाण्याखाली गेला असता आणि माणसांना दुसरी वाटच उरली नसती.

इंचताईचे पाय जमिनीवर नव्हते. महिन्याभरात ती निवृत्त होणार होती, आणि तिच्या वहीच्या भरवशावर पूल उभा राहणार होता. त्या आनंदात ती मला पुसायला आली. फडक्यानं असं खसाखसा घासलं की ‘३’ या आकड्याचा पापुद्राच सुटला. खाली ‘४’ निघाला. तिनं नखानं आणखी खरवडलं, तर त्याच्याही खाली ‘५’.

शून्य वर सरकत गेलं होतं, हे तिला तिथेच कळलं. आता ती बाईंना बोलावेल असं मला वाटलं. पण ती गेली आणि रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आली. खोटं कशाला बोलू, मला तिचा भयंकर राग आला. एक हात फिरवला असता तर तिचं नाव आणि तिची वही दोन्ही शाबूत राहिली असती. तिनं ब्रश बुडवलाही. तेवढ्यात लेकीची बस खचाखच भरून पुलावरून गेली. लेकीनं आईला बघून हात केला. इंचताईनं ब्रश खाली ठेवला आणि फोन काढला.

बाई तासाभरात आल्या. पाठोपाठ रंगारीही आला. जुना रंग खरवडायचा आपण दर वेळी कंटाळा केला, हे त्यानं मान खाली घालून कबूल केलं. बाई म्हणाल्या की बरं झालं, तुम्ही कामसू असता तर आज हा पुरावाच उरला नसता. बिचाऱ्याला हसावं की रडावं ते कळेना.

इंचताईनं मात्र वही पुढे केली. “बाई, मी वाचलेला एकही आकडा खोटा नाही. पण वही चुकीची आहे. तिच्यावर विसंबून पूल बांधू नका.”

“ताई, वही टाकायची नाही,” बाई म्हणाल्या. “शून्य कधी कुठे होतं तेवढं प्रत्येक नोंदीपुढे लिहा. नदी किती चढली ते आम्हाला याच वहीतून कळेल.”

शेवटचा महिना इंचताईनं तेच केलं. लाल शाईनं तीस वर्षं पुन्हा लिहिली आणि प्रत्येक दुरुस्तीखाली सही केली. आराखडा बदलला. नवा पूल आता चारऐवजी दहा फूट उंच होतो आहे, टेकडीचा रस्ता चालू ठेवून दुरुस्त केला आहे आणि माझं शून्य पायथ्याच्या खडकावर पितळी पट्टी ठोकून कायमचं पक्कं केलं आहे.

यंदा नदी कधी नव्हे इतकी चढली. पण पाणी रस्त्याला लागायच्या आधीच ठेंगण्या पुलावर फाटक पडलं होतं. लेकीची बस टेकडीवरून गेली. वीस मिनिटं उशीर झाला म्हणून प्रवाशांनी कुरकुर केली म्हणे. खुशाल करू देत! मी गळ्यापर्यंत पाण्यात होतो, आणि इतका निश्चिंत मी आयुष्यात कधीच नव्हतो.

मित्रांनो, मागणं फार मोठं नाही. आम्हा जुन्या खांबांना पुसा, रंग द्या, पण त्याआधी खाली काय लिहिलं आहे ते एकदा वाचा. आणि तिथे तुमचीच चूक निघाली, तर ती झाकू नका. कुणाची तरी लेक त्या रस्त्यानं रोज जात असते.