वाल्मीकच्या कामाबद्दलचं मत

शेखर घोटावड्याजवळच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायच्या कामावर होता. पहिली पाळी संपवून घरी आला की जेवणाच्या ताटासमोर मोबाईल तांब्याला टेकवायचा आणि वेब सिरीज लावायचा. नुसतं बघून त्याचं भागत नसे. कुठला भाग उगाच ताणलाय, कोण खोटं रडतंय, लिहिणाऱ्याने पोलीस चौकी कधी आतून पाहिलेली नाही, हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आणि ते ऐकून घेणारा माणूस एकच होता, वाल्मीक.

वाल्मीक शाळेपासूनचा मित्र. हिंजवडीतल्या कंपन्यांची माणसं ने-आण करणारी बस चालवायचा. सकाळच्या फेऱ्या झाल्या की संध्याकाळपर्यंत मोकळाच असायचा. बस सावलीला लावून तोही मोबाईलवर त्याच सिरीज बघायचा. रविवारी दुपारी वाल्मीकच्या ओट्यावर दोघांचा वाद ठरलेला. वाल्मीकला सगळ्यांचीच दया यायची, खुनी माणसाचीसुद्धा.

"आरं, त्याला घरात एकदा तरी कुणी नीट विचारलं आसतं, तर त्यानं येवढं केलं नसतं," तो म्हणायचा.

"तू सिरीज बघतोस का पंचायत मिटवतोस?" शेखर म्हणायचा, आणि वाल्मीकची बायको शुभांगी आतून हसायची.

लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद होता तेव्हा शेखरने फेसबुकवर एक पान काढलं. नाव ठेवलं 'सरळ सांगतो'. स्वतःचं नाव दिलं नाही, फोटोही दिला नाही. कारखान्यातली पोरं चिडवतील अशी भीती होती. त्याचं लिहिणं मात्र लोकांना आवडलं. बोचरं होतं आणि हसवायचंही. बघता बघता अठरा हजार माणसं ते पान वाचू लागली. त्यातलाच एक वाल्मीक.

"शेखऱ्या, ह्ये वाच," तो एकदा म्हणाला आणि शेखरचाच लेख त्याच्यापुढे धरला. "कोण माणूस हाय म्हाईत न्हाई, पर बोलतो त्यातला शबुद खोटा नसतो."

शेखरला तेव्हाच सांगता आलं असतं. पण न सांगता कौतुक ऐकण्यात एक वेगळीच गोडी होती. आज सांगू, उद्या सांगू करत तीन वर्षं गेली.

मग मुळशीच्या धरणाकडे एका मराठी सिरीजचं शूटिंग होणार अशी बातमी आली. छोट्या कामांसाठी आसपासची माणसं हवी होती. शेखरने फोटो आणि माहिती पाठवली. त्याला बोलावणं आलं. पौडच्या पुढे एका फार्महाऊसवर निवड होती. त्याची मोटारसायकल त्या दिवशी गॅरेजला होती, म्हणून वाल्मीक त्याला आपल्या गाडीवरून घेऊन गेला.

शेखरने आठ दिवस आरशासमोर तयारी केली होती. दिग्दर्शकाचा मदतनीस निषाद नावाचा पुण्याचा तरुण होता. त्याने शेखरचं सगळं ऐकून घेतलं, छान म्हणाला, कळवतो म्हणाला. मग त्याची नजर दाराशी उभ्या असलेल्या वाल्मीककडे गेली.

"काका, तुम्ही वाचता का दोन ओळी?"

"मी ह्याला सोडाय आलोय," वाल्मीक म्हणाला.

"वाच की रं, काय जातंय," शेखरनेच हसत त्याला पुढे ढकललं.

वाल्मीकने त्या ओळी कागदावरून वाचल्या, अडखळत. त्यात एक बाप आपली मुलगी कधी येणार ते विचारत होता. वाचून झाल्यावर निषादने हातातली वही मिटली. मग निषादने शेजारी मांडलेल्या खुर्चीवर त्याला बसवलं आणि काय करता, असं विचारलं. कंपनीची बस सांगितली तर याला सुट्टी मिळणार नाही असं वाटून हे लोक आपल्याला घेणार नाहीत, म्हणून वाल्मीकने शेती सांगितली. तेवढं शेखरला ऐकू आलं नाही. तो तोपर्यंत बाहेर जाऊन गाडीपाशी उभा होता.

वाल्मीकला काम लगेच मिळालं. परत येताना त्याने गाडी थांबवली. "तू म्हणत आसशील तर मी न्हाई जात."

"येडा हायेस का? जा," शेखर म्हणाला. तेव्हा त्याने ते मनापासून म्हटलं होतं. निदान बरंचसं.

सिरीज यायला वर्ष लागलं. ती आली त्या रविवारी दुपारी वाल्मीकच्या घरी दहा-बारा माणसं टीव्हीपुढे बसली होती. त्याची मुलगी अपेक्षा बारावीत होती, तिने फोन टीव्हीला जोडला. वाल्मीकचं काम चौथ्या भागात होतं. गोष्टीतला बाप पोलीस चौकीत येतो. हवालदार त्याच्यापुढे मुलीची एक चप्पल ठेवतो आणि ओळख पटते का विचारतो. बाप बोलत नाही. चपलेचा पट्टा भोकातून निघालेला असतो. तो अंगठ्याने दाबून पट्टा परत बसवतो, ओढून बघतो आणि मग म्हणतो, "व्हय, तिचीच." एवढंच.

शुभांगीने पदर तोंडाला लावला. शेखर उठला, कानाला मोबाईल लावला आणि फोन आल्यासारखं करून बाहेर गेला. गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून त्याने डोळे पुसले. पट्टा बसवायचं कागदावर नव्हतं, ते वाल्मीकला तिथल्या तिथे सुचलं होतं. शेखरला माहीत होतं, इतकं खरं काम त्याने कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

तो आत आला तेव्हा वाल्मीकभोवती फोटो काढायला गर्दी झाली होती. गावातले भिकाजीनाना खाटेवर बसले होते. ते मोठ्याने म्हणाले, "शेखर, तू बी गेलता म्हणं तितं? मग तुला न्हाई घेतलं व्हय?"

सगळे हसले. वाल्मीक हसला नाही, पण शेखरचं तिकडे लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत शेखरने लेख लिहिला. लिहायला वीस मिनिटं लागली. सिरीजबद्दल चार ओळी झाल्या आणि मग बोटं थांबेनात. "बापाच्या चेहऱ्यावर मुलगी गेल्याचं दुःख नाही, पॅसेंजर उशिरा आल्याचा वैताग आहे. नट मिळाला नाही म्हणून कंपनीच्या बसचा ड्रायव्हर धरून आणलेला दिसतो. आणि तो चपलेचा पट्टा काय बसवत बसतो! अहो, मुलगी गेलीय, चप्पल नव्हे."

वाचून त्याला स्वतःलाच हसू आलं. त्याने पोस्ट करून टाकली. पाळी सुटेपर्यंत दोन हजार लोक त्यावर हसले होते.

मंगळवारी संध्याकाळच्या फेऱ्या आटोपल्यावर वाल्मीकचा फोन आला, चहाला ये म्हणून. शेखर गेला. ओट्यावर शुभांगी तांदूळ निवडत होती. वाल्मीक आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बसला होता.

"त्या 'सरळ सांगतो'वाल्यानं लिवलंय आपल्या सिरीजवर," तो म्हणाला. "मी न्हाई वाचलं आजून. म्हटलं तू आल्यावर सगळ्यांनी मिळून ऐकू. अपेक्षा, वाच गं मोठ्यानं."

शेखरच्या हातात कप होता. 'थांब' म्हणायला हवं होतं. अपेक्षाने वाचायला सुरुवात केली. पहिल्या चार ओळी तिने झोकात वाचल्या, मग तिचा आवाज मंदावला आणि ती थांबली.

"वाच की," वाल्मीक म्हणाला.

"पप्पा, पुढं काय न्हाई."

"वाच."

तिने वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत, मान वर न करता. मग मोबाईल ओट्यावर पालथा ठेवून ती आत निघून गेली. शुभांगीचा हात तांदळात तसाच राहिला होता.

वाल्मीक म्हणाला, "मी बस चालवतो, ह्ये त्याला कुणी सांगितलं आसंल?"

"शूटिंगच्या लोकांतलं कोणतरी बोललं आसंल," शेखर म्हणाला. "पुण्यातली लोकं, त्यांचं काय."

वाल्मीकने त्याच्याकडे पाहिलं. "आसंल," तो म्हणाला. "चहा घे, गार होतुया."

शेखरने घरी जाऊन तो लेख काढून टाकला. पण तोवर 'चपलेचा पट्टा' लोकांच्या तोंडी बसला होता. कुणीतरी वाल्मीकच्या चेहऱ्याचं चित्र करून त्यावर ती ओळ टाकली. ते चित्र त्याच्याच बसमधल्या पोरापोरींच्या मोबाईलवर पोचलं. एका सकाळी मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "काका, माझी पण चप्पल तुटलीय," आणि बसभर हशा पिकला. हे वाल्मीकने शेखरला सांगितलं नाही. शुभांगीने सांगितलं.

सहा-सात महिन्यांनी तीच पुन्हा शेखरच्या घरी आली. दारातच उभी राहिली.

"भावजी, त्या निषादचा फोन आलता. नवी सिरीज हाय, मोठं काम हाय, आठही भागांत. ह्यांनी न्हाई म्हणून सांगितलं. मी लई समजावलं. तुमी तरी बोला, तुमचं ऐकत्यात."

दुसऱ्या दिवशी शेखरने रजा टाकली आणि दुपारी हिंजवडीजवळच्या माणच्या रस्त्याला गेला. वाल्मीकची बस एका कंपनीच्या भिंतीलगत, वडाखाली उभी होती. आत तो एकटाच बसला होता. मोबाईल डॅशबोर्डवर पालथा होता.

"निषादला हो म्हण," शेखरने बसल्याबसल्या सांगितलं.

"बस सोडून जमत न्हाई."

"रजा काढ. मालकाशी मी बोलतो."

"रजेचं न्हाई." वाल्मीक समोरच्या काचेतून बघत होता. "आपल्याला त्यातलं कळत न्हाई शेखर. एकदा झालं ते झालं. त्या माणसानं लिवलं, ते बरोबरच आसंल. त्यो खोटं लिवत न्हाई."

शेखरला वाटलं होतं, समजावून काम होईल. आता दुसरी वाट उरली नव्हती.

"त्यो माणूस मीच हाय," तो म्हणाला. "ते पान माजं हाय. पहिल्यापासून."

वाल्मीक दचकला नाही. "व्हय. म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"अपेक्षानं वाचलं तवापासून. तू शूटिंगच्या लोकांवर ढकललंस, पर त्यांना मी शेती सांगितली व्हती. बस चालवतो ह्ये तितल्या एका बी माणसाला म्हाईत नव्हतं."

बाहेर कंपनीचा वॉचमन नळीने झाडांना पाणी घालत होता.

"मग बोलला का न्हाईस येवढं दिवस?"

"म्हटलं तू बोलशील."

"आनि तरीबी म्हणतोस ते बरोबर आसंल?"

"म्हणून तर म्हणतो," वाल्मीक म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, शेखरला तेच सहन होत नव्हतं. "दुसरा कुणी आसता तर म्हटलं आसतं, त्याला काय कळतंय. तू मला ल्हानपणापासून वळखतोस. गावातल्या बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना काय, घरचा माणूस टीव्हीवर दिसला. तुला मातर कळतंय. तुला खोटं वाटलं म्हणजे खोटंच आसंल."

"मला खोटं वाटलं न्हाई!" शेखर जवळजवळ ओरडला. "त्या दिवशी मी भाईर गेलो, ते फोन आला म्हणून न्हाई. मला रडाय आलं म्हणून गेलो. तुझ्यासारखं काम मी आजवर बघितलं न्हाई. मला घेतलं न्हाई, तुला घेतलं, ते मला सोसलं न्हाई. जळलो मी. म्हणून लिवलं."

वाल्मीकने शेखरकडे मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो खरोखरच काहीतरी उलगडायचा प्रयत्न करत होता.

"आता मला सांग," तो म्हणाला, "त्ये खरं का ह्ये खरं, ह्ये मी कसं वळखायचं?"

शेखरने डॅशबोर्डवरचा मोबाईल उचलला आणि परत तसाच पालथा ठेवला. थोड्या वेळाने वाल्मीक म्हणाला की चारला गाडी काढायची आहे, आणि शेखर खाली उतरला.

त्याच आठवड्यात त्याने 'सरळ सांगतो'वर स्वतःचं नाव आणि फोटो टाकला आणि घडलं ते सगळं लिहिलं. वाल्मीकचं काम कसं होतं, तेही लिहिलं. पट्टा बसवणाऱ्या त्या अंगठ्याबद्दल त्याने जेवढं काळजीपूर्वक लिहिलं, तेवढं आधी कशाबद्दलही लिहिलं नव्हतं. फार थोड्यांनी ते वाचलं. 'मित्र आहे म्हणून तारीफ करतोय' असं एकाने खाली लिहिलं, आणि त्याला सगळ्यात जास्त लोकांनी मान डोलावली. काही दिवसांनी शेखरने ते पान बंद केलं.

निषादने त्या कामासाठी दुसरा माणूस घेतला. ती सिरीज यंदा आली. शेखरने तिचे आठही भाग बघितले. तो दुसरा माणूस वाईट नव्हता. पण प्रत्येक प्रसंगात शेखरला दिसायचं, वाल्मीकने इथे काय केलं असतं, कुठे गप्प राहिला असता, हात कुठे ठेवले असते.

मागच्या महिन्यात सातबाऱ्याच्या कामासाठी तो पौडला गेला होता. एसटी स्टँडवर वाल्मीक भेटला. लग्नाकार्यात दोघं भेटतातच, एका पंगतीला बसतात, बोलणं तुटलेलं नाही. अपेक्षा कॉलेजात काय शिकते, यंदा भात कसं आहे, असं बोलणं झालं. मग शेखरला राहवलं नाही.

"ती नवी सिरीज बघितलीस का रं? निषादची?"

"न्हाई," वाल्मीक म्हणाला. "आता मी सिरीज बघत न्हाई. कुटलीच न्हाई."

घोटावड्याची गाडी लागली होती. वाल्मीकला शुभांगीची औषधं घ्यायची होती, तो थांबणार होता. शेखर गाडीत चढला आणि खिडकीशी बसला. गाडी हलली तेव्हा वाल्मीकने नेहमीसारखा हात वर केला.