शंका असल्यास नाही म्हणा

"चहा टाकू का?" असं बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं तेव्हा नकारघंटा दोनशे सत्तेचाळिसाव्या प्रश्नावर होते. त्याच ओघात त्यांनी तिलाही "नाही" म्हणून टाकलं.

"आत्ताच तर घसा सुकला म्हणालात."

"तुला नाही गं. ह्याला म्हटलं."

'हा' म्हणजे जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केलेला हिरवा बोर्ड. आकाराने पोस्टकार्डाएवढा. त्याच्यातून निघालेली वायर लॅपटॉपमध्ये गेली होती, आणि लॅपटॉप रविवारी सकाळपासून एकामागून एक प्रश्न विचारत होता.

नकारघंटा हे नाव ऑफिसातल्या लोकांनी ठेवलं होतं. पाण्याच्या पंपांवर लक्ष ठेवणारे असले बोर्ड बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांची चौतीस वर्षं गेली. बोर्डावर एक छोटा प्रोसेसर, आणि त्या प्रोसेसरसाठी कर्नल तयार करणं हे त्यांचं काम. कर्नल म्हणजे यंत्राचा गाभा. बाकीचे सगळे प्रोग्राम ज्याच्या जिवावर उड्या मारतात तो. (मेहुणीला लग्नानंतर सहा-सात वर्षं वाटत होतं की भावोजी सैन्यात आहेत. त्यांनी गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही.) हा कर्नल तयार करण्याआधी हजारो गोष्टी विचारून घेतो. आवाज हवा का? कॅमेरा हवा का? खेळायची जॉयस्टिक लावणार का? मोठ्या संगणकाचं पोट मोठं, तिथे सगळ्याला हो म्हटलं तरी चालतं. बोर्डाची जागा मात्र एका माणसाच्या डब्याएवढी. तिथे पंपाला लागेल तेवढंच भरायचं आणि उरलेल्या सगळ्याला नाही म्हणायचं. आयुष्यभर नाही म्हणत राहिल्याबद्दल ज्यांना तीन बढत्या मिळाल्या, अशा थोड्या भाग्यवंतांपैकी ते एक होते.

पुढे कंपनी बंद पडली. त्याआधीच प्रोसेसर निघायचा बंद झाला होता. नकारघंटा तर वयानेच बंद झाले. पण कर्नलमध्ये प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची देखभाल कोण करतं याची जगभरच्या लोकांची एक यादी असते, आणि त्या यादीत या प्रोसेसरपुढे अजून एकच नाव होतं. त्यांचं. निवृत्तीनंतर माणसाचं नाव दाराच्या पाटीवर आणि औषधाच्या चिठ्ठीवर उरतं. यांचं तिसऱ्या एका ठिकाणी होतं आणि ते कुणाला सांगून कळण्यासारखं नव्हतं.

मंगळवारी त्या यादीवाल्यांपैकी एका मुलाचं पत्र आलं. कुठल्या देशातला कोण जाणे, पण घरचं वळण चांगलं होतं. त्याने फार अदबीने विचारलं होतं की, या प्रोसेसरचा भाग आता नव्या कर्नलमधून काढून टाकावा म्हणतो, आपली हरकत नाही ना? दोन गोष्टी रविवार संध्याकाळपर्यंत कळवल्या तर राहू देऊ. एक, नवी आवृत्ती त्या प्रोसेसरवर चालते का. दोन, कुणी प्रत्यक्ष कामासाठी तो वापरतं का. एक ठिकाण सांगितलं तरी पुरे.

दुसऱ्या प्रश्नाची नकारघंटांना काळजी नव्हती. त्यांच्याच इमारतीच्या पंपघरात त्यांनी असाच एक बोर्ड अठरा वर्षांपूर्वी बसवला होता. वरच्या टाकीतलं पाणी उतरलं की तो पंप चालू करायचा आणि बावीस मिनिटांनी टाकी भरली की बंद करायचा. अठरा वर्षांत टाकी एकदाही ओसंडली नाही. त्यामुळे साहजिकच, तिथे असं काही आहे हे सेक्रेटरी सोडले तर इमारतीत कुणाला माहीत नव्हतं.

अडलं होतं ते पहिल्या प्रश्नावर. त्यांच्याकडची जुन्या उत्तरांची यादी अकरा वर्षांपूर्वीची, त्यामुळे नव्या आवृत्तीने चारशे बारा प्रश्न नव्याने विचारले. प्रत्येकाखाली समजुतीच्या चार ओळी असतात, आणि शेवटी बहुधा एक सल्ला: शंका असल्यास नाही म्हणा. नकारघंटांना आताशा पुष्कळ शंका येत. काही गोष्टींची तर नावंच पहिल्यांदा ऐकत होते. त्यांनी सल्ला मानला.

अकरा वाजता पहिला कर्नल तयार झाला. बोर्डात घातला. पडदा काळा. एक अक्षर नाही. त्यांनी चार पर्याय बदलले, पुन्हा केला. काळा. जेवणाच्या वेळी बायकोने बोर्ड आणि बरणी टेबलाच्या कोपऱ्यात सरकवली आणि ताट ठेवलं. जेवताना त्यांचं लक्ष नव्हतं. तिसरा, चौथा, पाचवा. पाठ धरली, डोळ्यांत पाणी येऊ लागलं. प्रत्येक वेळी ते मिनिटभर वाट बघत आणि कागदावर लिहीत: गेला.

"राहू द्या ना आता," बायको म्हणाली. "त्या मुलाला सांगा, होत नाही माझ्याच्याने."

"तेही सांगितलं असतं. पण दोष माझा की ह्याचा, ते तरी कळू दे."

साडेतीनला, यादी पहिल्यापासून वाचताना, ते एका ओळीवर थांबले. बोर्डाने आपलं म्हणणं वायरीवरून पडद्यावर पाठवावं का, असा साधा प्रश्न. नव्या आवृत्तीत पर्यायाचं नाव बदललं होतं म्हणून तो नव्याने आला होता, आणि त्यांनी नाही म्हटलं होतं. का म्हटलं म्हणून त्यांनी खालचा मजकूर उघडला. 'हे फक्त चाचणी घेणाऱ्यांना लागते. शंका असल्यास नाही म्हणा.' मजकूर कुणी लिहिला याचीही नोंद असते. तेवीस वर्षांपूर्वी तो त्यांनीच लिहिला होता.

त्यांनी स्वतःचाच सल्ला पुन्हा एकदा वाचला. मग हो म्हणाले.

बोर्ड सकाळपासून पाचही वेळा नीट उठला होता. त्याला बोलायला तोंडच दिलं नव्हतं. आता ओळींमागून ओळी सरसर वर गेल्या आणि खाली वापरणाऱ्याचं नाव विचारणारी खूण लुकलुकत थांबली. नकारघंटांनी कागदावरच्या पाचही 'गेला'वर काट मारली.

तेवढ्यात दारावर इमारतीचे सेक्रेटरी आले. हातात प्लास्टिकची पिशवी. त्यांनी सांगितलं की इलेक्ट्रिशियन आज मोकळा होता म्हणून पंपघरात पंप चालवणारा नवा तयार डबा बसवून घेतला. मोबाइलवरच दिसतं सगळं. पिशवीत बोर्ड होता. त्याच्या वायरी बोटभर ठेवून कापल्या होत्या.

"बिघडला होता का?" नकारघंटांनी विचारलं.

"छे हो काका, मस्त चालू होता. पण तुम्ही गेल्यावर बघणार कोण?" सेक्रेटरींनी जीभ चावली. "म्हणजे, मुलीकडे वगैरे गेल्यावर म्हणतोय मी."

"हो, मुलीकडे," नकारघंटा म्हणाले. "बसा, चहा घ्या." सेक्रेटरींना घाई होती.

सहा वाजत आले होते. त्यांनी उत्तर उघडलं. पहिल्या प्रश्नापुढे लिहिलं: होय, आज चालवून पाहिला. दुसऱ्यापुढे बोट थांबलं.

बायको मागे उभी राहून वाचत होती. "लिहा की हो म्हणून. सकाळपर्यंत होताच की पंपावर. तो कुठे बघायला येतोय?"

"येणार नाही म्हणून तर." त्यांनी लिहिलं: नाही.

मग खाली आणखी एक ओळ घातली, की काढायचं काम मीच करून देतो. दुसरा कुणी काढेल तर पानं काढून देठ ठेवेल. आणि त्यांनी काढायला घेतलं. प्रोसेसर उठवण्याच्या ओळी, त्याचं घड्याळ, त्याच्या पंपाच्या तारा. शंका असल्यास नाही म्हणा, हीही ओळ गेली. शेवटी देखभालीच्या यादीतली त्या प्रोसेसरची ओळ आणि तिच्यातलं त्यांचं नाव. एकूण हिशेब खाली आपोआप उमटला: चौदा हजार दोनशे सहा ओळी वजा, अधिक शून्य. त्यांनी तो पाठवून दिला.

खाली पंप सुरू झाल्याचा आवाज आला. नव्या डब्याची पहिलीच खेप. नकारघंटांनी सवयीने घड्याळात पाहिलं. बायको भाजी निवडता निवडता थांबली. वीस मिनिटं झाली. एकवीस. दोघांचे कान गच्चीकडे लागले होते. बाविसाव्या मिनिटाला पंप बंद झाला. वरून पाण्याचा एक थेंबही ओघळला नाही.

"चांगलं केलंय," ते म्हणाले.

टेबलावरचा बोर्ड अजून नाव विचारत होता. त्यांनी त्याची वायर काढली, आणि बरणी जागेवर ठेवली.