उजेडाचे बटण

मित्रांनो, मी एक जुना काळा-पांढरा टीव्ही आहे. सध्या जिन्याखाली, रंगाच्या रिकाम्या डब्यांशेजारी पडून आहे. येणारेजाणारे मलाही डबाच म्हणतात, म्हणून आधी माझ्या पोटात काय आहे ते ऐका.

माझ्या काचेच्या नळीच्या मानेत धातूचा एक इवलासा तापलेला तुकडा आहे. त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन पडद्यावर आदळतात आणि तिथे उजेड पडतो. ते मोकाट सुटू नयेत म्हणून वाटेत बारीक भोकाचे एक टोपण असते. त्याच्यावरचा विजेचा ऋण दाब वाढवला की इलेक्ट्रॉन मागे ढकलले जातात आणि चित्र काळवंडते. दाब कमी केला की ते झुंडीने येतात आणि चित्र उजळते. हे कमीजास्त करणारे बटण माझ्या उजव्या अंगाला आहे. त्यानेच माझे वाटोळे झाले.

घरातले आजोबा घड्याळजी. केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवणारा माणूस! मी नवा आलो तेव्हा त्यांनीच बटण अर्ध्यावर लावले आणि बजावले, "बस्स, इतकंच. जास्त उजेडानं नळी झिजते." दहा वर्षे मी झकास चाललो.

मग एका हिवाळ्यात त्यांनीच बटण जरा पुढे सरकवले. पुढच्या महिन्यात आणखी जरा. "याच्यात आता दम राहिला नाही," म्हणाले. ते मला फार लागले, कारण माझे चित्र लख्ख होते. नात म्हणालीसुद्धा, "आजोबा, किती झगझगीत! माझे डोळे दुखतात." सूनबाईंनी तिलाच दटावले, "मोठ्यांना उलट बोलू नकोस."

मेकॅनिक आला. तो म्हणाला, "चित्र तर चांगलं आहे की!" आजोबा तडकले, "चाळीस वर्षं घड्याळं उघडलीत मी. मला शिकवतोस?" त्याने मागचे झाकण काढले आणि आतला स्क्रू फिरवून उजेड आणखी वाढवला. असा तो तीनदा आला. टोपणाचा धाक संपला. पडद्यावर तिरक्या पांढऱ्या रेघा उमटल्या, माणसांचे चेहरे पिठासारखे झाले. दीड वर्षात तो तापलेला तुकडा झिजला आणि मी खरोखरच अंधुक झालो. सगळे म्हणाले, "आजोबा सांगतच होते!"

नवा रंगीत टीव्ही आला. आजोबा समोर बसले, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, "याचाही उजेड कमीच आहे रे." तेव्हा कुठे त्यांचा मुलगा चपापला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, दोन वर्षांपूर्वी आणायला हवे होते, म्हणाले. मला तीनदा उघडून पाहिले, आजोबांचे डोळे एकदाही तपासून घेतले नाहीत. याचा मला अजून संताप येतो.

मित्रांनो, घरात कोणी उजेड कमी आहे म्हणाले आणि तुम्हाला मात्र सगळे स्वच्छ दिसत असेल, तर ते मोठ्याने सांगा. कोणी दटावले तर पुन्हा सांगा. हट्ट करा, पण त्यांना डॉक्टरकडे न्यायला लावा.

आता आजोबा नव्या टीव्हीकडे तोंड करून बसतात आणि मधूनच विचारतात, "पडद्यावर कोण आलं गं?" नात त्यांना सांगत राहते.