ओली गोणपाटं

शरच्चंद्राच्या डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, माधव केमिस्ट होता, पण त्याआधी तो शरूचा दोस्त होता. पडघ्याच्या शाळेत दोघं एका बाकावर बसायचे, आणि तेच माधवला भोवलं.

चौऱ्याहत्तरचा उन्हाळा. पत्र्याखाली हायड्रोचे ड्रम तापू लागले. कापडावर रंग चढवायला लागणारी ही पांढरी पूड तापू द्यायची नसते, एवढं शरूने कुठूनतरी ऐकलं होतं. झालं! त्याने विठू नावाच्या कामगाराकरवी ड्रमांवर ओली गोणपाटं घातली, माठावर घालतात तशी. माधवने कपाळावर हात मारला. कामगारांपुढे मालकाची शोभा नको, म्हणून त्याने शरूला ऑफिसात नेलं आणि कागदावर मुक्त ऊर्जेचं गणित मांडलं. पूड, पाणी आणि हवा, उत्तर ऋण. म्हणजे काडी न लावता ही क्रिया आपोआप होणार, आणि उष्णता अशी की ड्रम पेटेल.

“कधी?” शरूने विचारलं.

“होणार की नाही, एवढंच हे गणित सांगतं. कधी, ते नाही सांगत.”

“म्हणजे लग्न ठरलंय, मुहूर्त नाही!” शरू खो खो हसला. “बरं बाबा, उद्या काढायला लावतो.”

उद्याचं परवा झालं. माधव आठवण करायचा, शरू मान हलवायचा. मग एका दुपारी विठू गोणपाट भिजवायला गेला आणि ड्रम भडकला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

चौकशीचे साहेब आले. शरू शांतपणे म्हणाला, “केमिस्ट हे आहेत. आग कधी लागेल, मी विचारलं होतं. विचारा, काय म्हणाले ते.”

“सांगता येत नाही म्हणालो, पण—”

“ऐकलंत साहेब? यांनाच ठाऊक नव्हतं.”

माधव त्याच्याकडे बघत राहिला. शरू पंख्याकडे बघत होता. संध्याकाळपर्यंत माधवची नोकरी गेली, नावही गेलं. त्याला संतापाने रडू येत होतं.

गोणपाटं कुणी घालायला लावली, ते विठू तरी खरं सांगेल, म्हणून तो दवाखान्यात गेला. दारातच बायजाबाई, विठूची बायको, उभी होती. त्याने सगळं भडाभडा सांगितलं. गणित, ऑफिस, शरूचा दगा.

“म्हंजी तुमाला ठाव व्हतं,” ती म्हणाली. “दुपारी ह्यांच्या संगती भाकर खायाचे ना तुमी? मंग ह्यांना का न्हाय सांगलं?”

तिने दार लावून घेतलं.